चाळिसावा नंबर

सतरा महिन्यांनी अमृताने दापोऱ्याच्या, आजोबांच्या गावच्या खळ्यात पाय ठेवला आणि पहिलं काम केलं ते चपला काढून भिरकावण्याचं. तिच्या आईच्या, रंजिताच्या तोंडून "अगं, चप्पल!" निघालंच होतं, पण तिने ते गिळलं. मातीबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते. ते बोलले होते माणसांबद्दल.

सात वर्षांची पोर. बुऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, एक गॅलरी आणि गॅलरीतून दिसणारी समोरच्यांची पाण्याची टाकी, एवढंच तिचं जग उरलं होतं. किडनीचा आजार तिला पाचव्या वर्षी जडला. चेहरा सुजायचा, डोळे मिटून जायचे, लघवीतून प्रथिनं जायची. गोळ्यांनी आजार दबला, पण त्याच गोळ्यांनी अंगातली ताकदही दबली. साधी सर्दी झाली तरी सगळं उलटून यायचं. रंजिता रोज सकाळी लघवीत पट्टी बुडवायची आणि रंग बघायची. पिवळा राहिला तर दिवस सुरू. हिरवट झाला की आधी डॉक्टरांना फोन.

लॉकडाउन उठला, मार्केट उघडलं, बस सुटल्या, लग्नं पुन्हा धुमधडाक्यात लागायला लागली. बाहेर सगळे सुटले तसे घरातले तिघे जास्तच आवळले गेले. शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, "ताई, हिला किती दिवस कोंडणार? धोका शून्य होईल म्हणून थांबाल तर पोर म्हातारी होईल. धोका कमी करायचा. उघड्या जागी न्या. थोडीच माणसं असू द्या. आणि ज्यांच्या मांडीवर ती बसणार, त्या सगळ्यांचे दोन्ही डोस झालेले पाहिजेत. एवढं जमलं तर जा."

रंजिताने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नावं लिहिली. नवऱ्याचं, समाधानचं स्वतःचं मेडिकल स्टोअर, त्याचे आणि तिचे डोस कधीच झाले होते. तिने एकेक नाव विचारलं आणि समाधानने एकेक सांगितलं. सोजरआत्याचे दोन्ही झाले. नेपानगरच्या काका-काकूंचे तिकडेच झाले. "आणि मामाजी?" तिने सासऱ्यांचं विचारलं. "झाले ना," समाधान म्हणाला. "पूर्ण गावाला त्यांनीच तर घ्यायला लावली."

ते खरंच होतं. दापोऱ्यात लस आली ती कौतिक पाटलांच्या शब्दावर. एप्रिलमध्ये शांताबाई, समाधानची आई, पहिला डोस घेऊन आल्या आणि बाराव्या दिवशी कोरोनाने गेल्या. गावात एकच बोलणं सुरू झालं, सुईनं मारलं. आरोग्याची गाडी आली की बाया मागच्या दाराने केळीच्या बागेत पळायच्या. तेव्हा बायकोचे दिवस होऊन महिनाही झाला नव्हता आणि कौतिक पाटील शाळेच्या ओट्यावर उभे राहिले. म्हणाले, मी घेतली, मला काही झालं नाही, तुम्ही घ्या. त्या दिवशी दोनशे माणसं रांगेत लागली होती. रंजिताला सासऱ्याचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

म्हणून ती आज आली होती. कानबाईचा सोमवार होता. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसते, सोमवारी नदीवर जाते आणि घरातल्या माणसागणिक मूठ मोजून दळलेल्या गव्हाचा रोट सगळ्यांनी बसून खायचा असतो. गेल्या साली कानबाई बसलीच नाही. यंदा शांताबाईंचं वर्ष झालं नव्हतं, म्हणून भाऊबंदांत कुजबुज होती. पण कौतिक पाटलांच्या थोरल्या बहिणीने, सोजरबाईने, एका वाक्यात निकाल लावला. "कानबाई कुळाची हाये. ते कोनाच्या मरनासाठी थांबत नही."

सासरा खळ्याच्या कडेला निंबाखाली उभा होता. पांढरं धोतर, वर बंडी, तोंडाला गमछा. अमृता धावली तसा तो दोन पावलं मागे सरला आणि हात पाठीमागे बांधून रंजिताकडे बघत राहिला.

"येऊ देऊ का जवळ?" त्याने विचारलं. "तू म्हन, मंग."

रंजिताला भरून आलं. "अहो मामाजी, तुमच्यासाठीच तर आणली."

तरी तो क्षणभर घुटमळला. मग अमृताने त्याच्या कमरेला मिठीच मारली आणि त्याचे हात आपोआप पुढे आले.

नदीवरून कानबाई बोळवून आले तोवर साडेदहा वाजले होते. खळ्यात पंगत बसली. सोजरबाई रोट, खीर आणि गंगाफळाची भाजी वाढत होत्या. अमृता आजोबांच्या मांडीवर बसली होती. मास्क गळ्यात आलेला, खिरीने हनुवटी चिकट झालेली. आजोबा रोटाचा घास मोडून, फुंकर घालून तिच्या तोंडात देत होते आणि ती सतरा महिन्यांचं साचलेलं सगळं एका दमात सांगत होती. गॅलरीतल्या कबुतराचं, ऑनलाइन शाळेतल्या बाईंच्या घरातल्या मांजरीचं. रंजिता समोर बसून नुसती बघत होती. तिला वाटलं, इतके दिवस आपण उगाच भ्यालो.

दिगंबरकाका पानावरून उठले. कौतिक पाटलांचे धाकटे भाऊ, नेपानगरला पेपर मिलमधून रिटायर झालेले. प्रत्येक कागद जागच्या जागी लागणारा माणूस. "रंजिता, एक काम कर बेटा," ते म्हणाले. "उद्या मला आणि दादाला रावेरला जायचंय. महाराष्ट्राच्या बॉर्डरवर लसीचं सर्टिफिकेट मागतात. माझं आहे. दादाचं काढून दे मोबाइलवर, मी प्रिंट मारून घेतो."

"देते ना काका. नंबर सांगा."

"काकू, ते राहू दे," समाधान पलीकडून म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण काकाऐवजी काकू म्हणालो. "मतलब, काका, राहू द्या. मी दुकानातून काढून देईन."

"अरे, दोन मिनटांचं काम आहे!"

कौतिक पाटलांचा बटनाचा फोन सोजरबाईंच्या पिशवीत होता. रंजिताने लसीच्या साइटवर नंबर टाकला, सोजरबाईंनी आलेले सहा आकडे चष्मा वर करून वाचून दाखवले. पडद्यावर गोल गोल फिरत राहिलं. दापोऱ्यात रेंज अशीच. मग पान उघडलं.

एका नंबरावर दोन नावं होती. वर शांताबाई कौतिक पाटील. एक डोस, एप्रिलची तारीख, दापोरा शाळा. पुढे दुसऱ्या डोसाची मुदत दिलेली. गेलेल्या बाईला अजून कोणीतरी दुसऱ्या डोसाला बोलावत होतं.

खाली कौतिक पाटील. नोंदणी झाली आहे. डोस एकही नाही.

रंजिताने पान बंद केलं आणि पुन्हा उघडलं. आधारचे शेवटचे चार आकडे ताडून पाहिले. नाव तेच, वय तेच, आकडे तेच. पंगतीतलं बोलणं, भांडी, कुठेतरी चाललेलं कुत्र्याचं भुंकणं, सगळं दूर गेलं. तिने मान वर केली. समोर अमृता आजोबांचा गमछा ओढत होती, तो त्यांच्या नाकाखाली आला होता, आणि आजोबा तिच्या कानाशी तोंड नेऊन हसत होते.

ती कशी उठली ते तिला कळलं नाही. पंगत ओलांडून गेली, कोणाच्या तरी पानाला पाय लागला, आणि तिने पोर सासऱ्याच्या मांडीवरून उपसून घेतली.

"व माय!" सोजरबाई ओरडल्या. "रोट अर्धा टाकून उठता येत नही व! बसव तिले!"

रंजिताने ऐकलं नाही. अमृता रडत होती, पाय झाडत होती, एक हात अजून आजोबांकडे. कौतिक पाटलांनी सुनेच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. हातातला घास ताटात ठेवला, एवढंच.

गाडी खळ्याच्या बाहेर केळीच्या बांधाला लावली होती. रंजिताने पोरीला मागच्या सीटवर बसवलं, ओल्या रुमालाने तिचं तोंड पुसलं, हात पुसले, परत तोंड पुसलं. पोरीचे गाल लाल झाले तरी पुसतच राहिली.

"मम्मी, दुखतंय," अमृता म्हणाली तेव्हा तिचा हात थांबला.

समाधान धावत आला. "काय झालं? सगळे बघताहेत."

तिने फोन त्याच्यापुढे धरला. तिला वाटलं होतं तो दचकेल, हातातून फोन हिसकावेल, बापाच्या नावाने ओरडेल. त्याने पडद्यावर नजरही टाकली नाही. तो केळीच्या पानांकडे बघत राहिला.

रंजिताला ते समजायला थोडा वेळ लागला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"रंजू, ऐक तर..."

"कधीपासून?"

"जूनपासून. मी त्यांचा दुसरा डोस बुक करायला गेलो तेव्हा दिसलं. त्यांनी मला आईची शपथ घातली."

"मी कॅलेंडरवर नाव लिहीत होते. तुमच्यासमोर. तुम्ही म्हणालात, झाले ना."

"यार, आता केस कुठे आहेत? सगळ्या जिल्ह्यात दिवसाला एक निघत नाही. बाबा बागेतून घरी, घरातून बागेत. रिस्क काहीच नव्हती, मी हिशेब केला होता..."

"तुम्ही केला होता." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पट्टी रोज कोण बुडवतं? अंग सुजतं तेव्हा रात्रभर कोण बसतं? हिशेब करायचाच होता तर खरे आकडे घेऊन माझ्याबरोबर बसायचं होतं. कदाचित मीही म्हटलं असतं, चला जाऊ. आता कसं कळणार?"

रंजिताला त्या क्षणी सासऱ्यापेक्षा नवऱ्याचा जास्त धक्का बसला होता. दहा वर्षांचा संसार, आणि हा माणूस कॅलेंडरसमोर उभा राहून इतक्या सहज बोलून गेला होता. आणखी काय काय सहज बोलला असेल?

पावलं वाजली. कौतिक पाटील येत होते, मागोमाग दिगंबरकाका. बांधालगत उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपाशी आल्यावर कौतिक पाटील थांबले. गमछा नाकावर घट्ट बांधलेला. पुढे आले नाहीत.

"त्याले बोलू नको," ते म्हणाले. "मी तोंड बांधलं व्हतं त्याचं."

"दादा, हे खरं आहे?" दिगंबरकाका रंजिताच्या फोनचा पडदा बघून म्हणाले. "तू ओट्यावर उभा राहून सांगितलंस. मी मिलच्या कॉलनीत तुझं उदाहरण दिलं. माझी वैजयंती भीत होती, तिला मी तुझ्या नावावर तयार केलं. आणि तू..."

"हो. नही घेतली."

"पण का?"

कौतिक पाटलांनी ट्रॉलीच्या फळीला हात टेकला. रंजिताने गाडीचं दार लावून घेतलं, काच वर केली, आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"त्या दिवशी शाळेत चाळीसच डोस आले व्हते," ते म्हणाले. "चिठ्ठ्या वाटल्या. माही चिठ्ठी चाळीस नंबरची. समाधानच्या मायची एक्केचाळीस. ते म्हने, र्‍हाऊ द्या, मी पुढच्या खेपेले येईन. कंबर दुखे म्हने, अंग कसकस करे. मी म्हटलं, एवढ्या उन्हात आली त घेऊन जाय. माही चिठ्ठी तिच्या हातात देली. ते नको नको म्हनत गेली आतमधी."

ते शाळेच्या दिशेला बघायला लागले.

"बारा दिवसानं गेली."

"मामाजी," रंजिता म्हणाली. तिला बोलायचं नव्हतं, पण बोलली. "अंग कसकस करत होतं म्हणजे आजार आधीच आत होता. सुईने नाही झालं ते."

"मले माहीत हाये. डॉक्टरनं सांगतलं, समाधाननं सांगतलं. डोक्याले सगळं समजते. पन सुई पाह्यली का मले तिचा हात दिसते, माही चिठ्ठी धरलेला. दोनदा गेलो मी, बुऱ्हानपुरात, कोनी ओयखत नही तिथी. दोन्ही खेपेले दारातून परत आलो. साठ अन् आठ, अडुसष्ट वर्साचा मानूस, भेतो, हे कोनाले सांगू?"

"मग ओट्यावर खोटं का बोललात?"

"गाव मरून राह्यलं व्हतं, बाई. त्या महिन्यात अकरा मयती. कोनी सुई घे ना, अन् कारन काय सांगत? कौतिकची बायको. माह्या घरातल्या मयतीनं गाव मारायचं का?" ते रंजिताकडे वळले. "मंग मी म्हटलं, घेतली. एक डाव म्हटलं, मंग ते फिरवता आलं नही."

दिगंबरकाका बांधावर खाली बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

रंजिताच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी उभ्या राहिल्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. हा माणूस दोनशे जणांना वाचवून बसला होता. आणि हा माणूस आज दोन तास माझ्या लेकीच्या तोंडाशी तोंड लावून बसला होता.

"तुम्ही मला विचारलंत," ती हळूच म्हणाली. "येऊ देऊ का जवळ, म्हणून. तेव्हाच सांगायचं होतं."

"तोंडापाशी आलं व्हतं," कौतिक पाटील म्हणाले. "अन् तिनं मिठी मारली."

तेवढ्यात शाळेकडून मनीषा आली. गावातली आशा कार्यकर्ती. घामाघूम झालेली, काखेत रजिस्टर. "दादा! तुमी इथी हाये का! चला बरं लवकर. सिस्टर कवाच्या येऊन बसल्या. आज दुसऱ्या डोसाचे नव्वद नावं हायेत, अन् लोकं नुसते ओट्यावर बसून हायेत. म्हनतात, कोरोना त गेला, आता कायले? तुमी येऊन दोन शब्द बोला, म्हंजे उठतीन."

चौघेही तिच्याकडे बघत राहिले. मनीषाचं हसू हळूहळू मावळलं. "काय झालं? कोनी बिमार हाये का?"

समाधानने बायकोकडे पाहिलं. दिगंबरकाकांनीही. रंजिताला कळलं की या क्षणी सगळं तिच्या जिभेवर आहे. ती एक वाक्य बोलली की तासाभरात गावभर होईल, आणि ते नव्वद लोक घरी जातील. नाही बोलली, तर सासरा जाईल, ओट्यावर चढेल, आणि परत एकदा तेच म्हणेल.

"कोणी आजारी नाही," ती म्हणाली. मग सासऱ्याकडे वळली. "मी काही बोलणार नाही, मामाजी. ते तुमचं तुम्ही बघा. मी फक्त माझ्या पोरीला घेऊन जाते."

कौतिक पाटील मनीषाच्या मागे निघाले. धोतराचा सोगा हातात धरून, बांधावरून, हळू.

गावातून बाहेर पडायचा रस्ता शाळेवरूनच जातो. समाधान गाडी चालवत होता, घरी जायला निघालेले दिगंबरकाका पुढे बसले होते, मागे रंजिता आणि हुंदके देत झोपेला आलेली अमृता. शाळेपाशी माणसं रस्त्यापर्यंत आली होती, ट्रॅक्टर आडवा लागला होता. गाडी थांबवावी लागली.

काचेतून रंजिताला व्हरांडा दिसत होता. टेबल, लसीचा निळा डबा, तोंडावर दोन मास्क लावलेली सिस्टर. कौतिक पाटील ओट्यावर चढले. ती नजर वळवणारच होती. पुन्हा ते शब्द तिला ऐकायचे नव्हते. पण ते ओट्यावर उभे राहिले नाहीत. सरळ टेबलापाशी गेले आणि खुर्चीत बसले.

रंजिता दार उघडून खाली उतरली.

"दादाजी, आप यहाँ क्यूँ बैठ गए?" सिस्टर हसत म्हणाली. "आपके तो दोनों हो गए ना?"

"नही सिस्टर." आवाज व्हरांड्याबाहेर गेला. "पहिला हाये."

"पहला? दूसरा बोलो, दादाजी."

"पहिला. आजपर्यंत एकही नही घेतला. मनीषा, तुह्या रजिस्टरात पाह्य." मग त्यांनी खुर्ची फिरवली आणि ओट्यावर बसलेल्यांकडे तोंड केलं. "मी तुमाले खोटं सांगतलं व्हतं."

आधी कोणालाच कळलं नाही. मग बोलणं एकेका टोकापासून बंद होत गेलं. मनीषाच्या काखेतलं रजिस्टर खाली पडलं आणि ते उचलायचंही तिला सुचलं नाही.

चंदन पुढे आला. पंचविशीतला, मळ्याशेजारचा. "मंग माह्या मायले कामून घ्याले लावली? तिच्या अंगावर परीक्षा पाह्यली का तुमी?"

"नही रे. ते जगावी म्हनून."

"अन् तुमी सोता?"

"मी भेत व्हतो," कौतिक पाटील म्हणाले. "आताही भेतो. पाह्य." त्यांनी बंडीची बाही वर केली. दंड थरथरत होता. व्हरांड्याच्या टोकापासून, रस्त्यावर उभ्या असलेल्या रंजिताला तो दिसला.

"झूट बोलके सुई लगवाई!" कोणीतरी मागून ओरडलं. चंदन तणतणत निघून गेला. त्याच्यामागे आठ-दहा जण उठले. काही बाया पदर झटकत गेल्या. रंजिता मोजत नव्हती, पण प्रत्येक उठणाऱ्यामागे तिची नजर जात होती. सगळा ओटा आता रिकामा होणार, असंच तिला वाटलं.

चंदनची माय मात्र जागची हलली नाही. रांगेत पहिलाच नंबर तिचा, गुडघे धरून बसलेली. ती कौतिक पाटलांकडे बघत होती, राग आहे का दया ते कळत नव्हतं.

"मले दोन रोज ताप आला व्हता," ती म्हणाली. "मंग काही नही. डोये मिट, कौतिका. माह्या मागं कितीक लोक बसेल हायेत, तू जागा अडवून बसला."

कोणीतरी हसलं. हसणं पुढे पसरलं नाही, पण त्यानंतर उठून कोणी गेलंही नाही. सिस्टरने कापूस फिरवला. कौतिक पाटलांनी डोळे मिटले. दोन्ही हातांच्या मुठी मांडीवर आवळलेल्या, ओठ हलत होते. कोणाचं नाव घेत होते ते रंजिताला ऐकू आलं नाही, आणि विचारायचीही गरज नव्हती.

सुई झाल्यावर अर्धा तास बसायचं होतं. वर्गात बाकडी मांडली होती. कौतिक पाटील एकटेच बसले. पुढचे लोक आले ते दुसऱ्या बाजूला बसले. त्यांच्या बाजूला कोणी गेलं नाही. गावात चाळीस वर्षं ज्याच्याशेजारी बसायला माणसं सरकून जागा करत, त्याच्या दोन्ही अंगांची बाकडी मोकळी होती.

रंजिता दारात आली. मास्क वर ओढला आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"अमृता?" त्यांनी विचारलं.

"झोपली. पंधरा दिवस लक्ष ठेवावं लागेल. काही होणार नाही बहुतेक. पण बहुतेकच."

त्यांनी मान हलवली. माफ कर म्हणाले नाहीत, आणि तिला ते बरं वाटलं. आज ते ऐकून घ्यायची ताकद तिच्यात नव्हती.

समाधान तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. "निघू या?" त्याने विचारलं.

"काका गाडी चालवतील," ती वळून न बघता म्हणाली. "तुम्ही इथंच राहा. आज रात्री मामाजींना ताप येईल, जवळ कोणी पाहिजे. आणि मला थोडे दिवस घरी एकटीला राहू द्या. दुकान मी सकाळी उघडेन."

"रंजू, पंधरा दिवस?"

"मी अजून मोजले नाहीत."

समाधान वर्गात गेला आणि बापाच्या शेजारच्या मोकळ्या बाकड्यावर बसला.

"सूनबाई," कौतिक पाटलांनी हाक मारली. ती थांबली. "दुसरा चौऱ्याऐंशी दिवसांनी हाये म्हने. दिवाळी झाल्यावर चार दिवसानं."

"मग दिवाळी आमची सिंधीपुऱ्यातच," ती म्हणाली. "झाला की फोन करा. ह्यांना नाही, मला करा. मोबाइलमधला कागद पाठवू नका. तोंडानं सांगा."

"सांगीन."

ती निघाली. दोन पावलं गेली असेल, तेव्हा मागून आवाज आला. इतका बारीक की तिला आधी वाटलं, दुसरंच कोणी बोललं.

"खरंच ताप येईन का व?"

रंजिता मागे वळली. सासरा दंडावरचा कापूस अंगठ्याने दाबून बसला होता.

"येईल, मामाजी," ती म्हणाली. "अंग खूप दुखेल. दोन दिवसांत उतरतो."